चेहऱ्याची डावी बाजू

थंडी पडायला लागली की सकाळी चूळ भरताना मी पाणी क्षणभर तोंडात धरून ठेवते. गाल फुगवते, या बाजूचं पाणी त्या बाजूला फिरवते आणि मगच सोडते. माझा नवरा श्रीकांत न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभा असतो. सगळं जागेवर आहे ना, असं तो नुसत्या भुवयांनी विचारतो, आणि मी मान डोलावते. थंडीच्या तयारीला लोक कपाटातून स्वेटर काढतात, रजयांना ऊन दाखवतात. आमच्याकडे माझे ओठ तपासले जातात.

पुण्याची थंडी तशी फार मोठी नव्हे. पण कसबा पेठेत ती जरा जास्त मुक्काम करते, कारण आमच्या गल्लीत ऊन घाईने येतच नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसतं, मग वरच्या गॅलरीतल्या साड्यांवर उतरतं, आणि खाली दुकानांच्या फळ्यांपर्यंत पोचतं तोवर शाळेचे पहिले तास उरकलेले असतात. पण येतं तेव्हा तिरकं येतं, आणि कुणाची गय करत नाही. भिंतीवरचा प्रत्येक पोपडा त्यात दिसतो, प्रत्येक सुरकुतीला तिची स्वतःची सावली मिळते. पूर्वी मला ते नुसतंच उबदार वाटायचं. आता मी ते चेहऱ्यांवर बघते. मंडईत मटार निवडताना, बसथांब्यावर, शिक्षकांच्या खोलीत. कुणाच्या कपाळावर ते कुठे थांबतं, नाकाच्या कोणत्या अंगाला अंधार आहे, हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो. समोरचा माणूस कधीकधी अवघडतो आणि विचारतो, काय झालं? काही नाही, मी म्हणते, ऊन छान पडलंय. ही सवय मला एका हिवाळ्याने लावली.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, दहावीला. त्या वर्षी मार्गशीर्षातली गोष्ट. पूर्वपरीक्षेचे पेपर काढून झाले होते, घरात किसलेल्या गाजराचा वास होता, आणि मी नेहमीसारखी चूळ भरली तर पाणी तोंडात राहिलंच नाही. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ गाउनवर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. मान वर केली तेव्हा आरशात एक बाई होती. उजवीकडून ती मी होते, आणि डावीकडून कुणीतरी तिला खाली ओढून धरलं होतं. डावा डोळा मिटत नव्हता. मी श्रीकांतला हाक मारली आणि त्याचं नाव अगदी स्वच्छ उमटलं. पण पुढचं 'माझं तोंड बघ' हे काही केल्या उमटेना.

व्याकरणात आम्ही ओष्ठ्य वर्ण शिकवतो. प, फ, ब, भ, म. दोन ओठ एकमेकांना भेटल्याशिवाय ज्यांचा उच्चार होत नाही, ते. माझे दोन ओठ आता एका बाजूला भेटत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं जमत नव्हतं. या वर्णांवाचून मराठी बोलून बघावी म्हणजे कळेल. 'नाही' म्हणता येतं, 'हो' म्हणता येतं, 'कशाला' म्हणता येतं. म्हणजे पुण्यात दिवस निघू शकतो. पण 'पुणे' म्हणता येत नाही. आई म्हणता येतं, बाबा म्हणता येत नाही. आणि 'मी' म्हणता येत नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची एक नस सुजली आहे, मेंदूला काही झालेलं नाही, बहुतेकांचं पुष्कळसं भरून येतं. किती दिवसांत, तर ते ज्याचं त्याचं. गोळ्या दिल्या, डोळ्यांत घालायला थेंब दिले, झोपताना डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली आणि रोज आरशासमोर करायचे व्यायाम दाखवले. भुवया उचला, शीळ घाला, गाल फुगवा. शेजारणींनी निदान आधीच केलं होतं: पहाटेचा गार वारा लागला. त्यांच्या निदानात निदान दोष वाऱ्याचा होता, त्यामुळे मला तेच जास्त पटलं.

मी व्यायाम करत नसे. आरशासमोर उभी राहायचे, खाली नळाकडे बघत दात घासायचे आणि बाहेर यायचे. घरात जुने मास्क उरले होते, ते कामाला आले. वर काळा चष्मा. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, शाळेशी, सगळ्यांशी श्रीकांत बोलू लागला. फोन आला की तो घ्यायचा, आणि हिला आत्ता बोलता येत नाही, असं हळू आवाजात सांगायचा. तो हळू आवाज मला भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा. बंगळूरहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला की मी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवायचे. ती म्हणायची, आई, अंधार दिसतोय. मी मान हलवायचे, अंधारातच.

मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर श्रीकांतला सांगितलं की, लिमये बाईंना म्हणावं आराम करा, दहावीच्या उजळणीचे तास नव्या बाई घेतील, आणि निरोप समारंभाचं निवेदनही यंदा त्याच करतील. फार मायेने म्हणाल्या असणार, तो स्वभावच आहे त्यांचा. पण त्या समारंभात किती वर्षं मीच बोलत आले होते. एकेका मुलीचं नाव घेऊन तिच्याबद्दल एकेक वाक्य सांगायचं, अशी माझी पद्धत. त्या एका वाक्यासाठी मुली वर्षभर चांगल्या वागतात, असं शिक्षकांच्या खोलीत चेष्टेने म्हणत. श्रीकांतने निरोप सांगितला तेव्हा मी मटार सोलत होते. मी सोलतच राहिले. मला बरं वाटलं, हे खरं सांगितलं पाहिजे. सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याची भीती वाटली.

संक्रांतीला खालच्या मजल्यावरची चिमुरडी मीरा काळं परकर-पोलकं घालून तिळगूळ द्यायला आली. मीही तिच्या हातावर लाडू ठेवला आणि सवयीने बोलून गेले. 'गोड बोला' मधला 'ब' वाटेतच गळला. मीराला वाटलं यंदा असंच म्हणायचं असतं. मग ती घरोघर सांगत फिरली, तिळगूळ घ्या, गोड ओला. जिन्यात हसू फुटलेलं मला ऐकू आलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तिच्या बोबडेपणाचंच कौतुक होतं. तरी मी दार लावून घेतलं.

वाचनालयाची पुस्तकं बदलायला एरवी श्रीकांत जायचा. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून मी गेले, मास्क आणि चष्मा चढवून. जिन्यात एक कागद चिकटवला होता. 'माणसांचे चेहरे काढण्याची कार्यशाळा. दर रविवारी सकाळी, वरच्या हॉलमध्ये. चित्रकला येत नसेल तर उत्तम. येत असल्यास विसरून यावे.' मला आत कुठेतरी हसू आलं. ते ओठांवर अर्धंच पोचलं असेल. आणि मी एक हिशेब केला: तिथे सगळे कागदाकडे बघत असणार. समोर काढायला कुणी मॉडेल बसवत असतील. माझ्याकडे बघायला कुणाला सवड असणार?

तो हिशेब पहिल्याच रविवारी चुकला. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या जोडीजोडीने मांडल्या होत्या, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. शिकवणारी मृणाल तिशीतली होती. आठवडाभर खराडीत एका कंपनीत मोबाइलच्या पडद्यावरची चिन्हं काढायची, आणि रविवारी इथे यायची. तिने सांगितलं की मॉडेल वगैरे कुणी नाही. आपणच एकमेकांचे मॉडेल. मी दाराकडे बघितलं. तेवढ्यात ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मास्क ठेवायचा असेल तर ठेवा. समोरची व्यक्ती मास्क काढेल." मला आधी कळलंच नाही की 'काढेल' म्हणजे कागदावर. कळलं तेव्हा मी बसले.

समोर जी मुलगी आली ती प्रणिता. यवतमाळकडची, खराडीतच एका ऑफिसात ग्राहकसेवेचं काम करायची. हे मला नंतर समजलं, कारण पहिल्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. ती खाली बघत होती, मी चष्म्याआड होते. मृणालने नियम सांगितला. पेन्सिल कागदावर ठेवायची, आणि मग कागदाकडे बघायचंच नाही. डोळे समोरच्या चेहऱ्याच्या कडेकडेने मुंगीसारखे चालवायचे आणि हात त्यांच्या मागून जाऊ द्यायचा. म्हणजे प्रणिताला वर बघावंच लागलं, आणि मलाही.

दुसऱ्या माणसाचा चेहरा इतका वेळ आपण कधी बघतच नाही. बघितला तर भांडण होतं किंवा प्रेम. तिच्या डाव्या भुवईत एक बारीकशी खाच होती, केस तिथे दोन बाजूंना वळले होते. वरचा ओठ किंचित पुढे, काही बोलायच्या बेतात असावा तसा, आणि खालच्या ओठाने त्याला धरून ठेवलेलं. खिडकीतून ते तिरकं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. बाहेर तांबट आळीकडून भांडी ठोकल्याचा आवाज येत होता आणि माझी पेन्सिल नकळत त्या ठोक्यावर चालत होती. थांबायला सांगितल्यावर कागद बघितला तर डोळा कानाशी गेला होता आणि नाक वेगळंच राहत होतं. हॉलभर खसखस पिकली. शेजारच्या खुर्चीतले दामले काका, पोस्टातून निवृत्त झालेले, आपलं चित्र लांब धरून म्हणाले की हे जर माझं नाक असेल तर त्याला स्वतंत्र पिन कोड द्यावा लागेल.

काका प्रत्येक रविवारी सगळ्यांच्या आधी येत. एकदा चहा पिताना मृणालने त्यांना सहज विचारलं, चित्रांची आवड लहानपणापासून का. काकांनी सांगितलं की आवड अशी काही नाही. बायको गेली, मुलगा तिकडे परदेशात, घरात त्यांच्याकडे बघणारं कुणी नाही. "इथे कुणीतरी तासभर नीट बघतं. तेवढ्यासाठी येतो," ते म्हणाले, आणि लगेच बिस्किटं मऊ पडल्याची तक्रार केली. त्या दिवशी जोड्या मोडून ज्याने त्याने काकांचंच चित्र काढलं, जरा सावकाश.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मी मास्क काढला. कुणी सांगितलं नाही. प्रणिता माझ्या मास्कच्या सुरकुत्या इतक्या मन लावून काढत होती की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मास्क खाली केला, चष्मा पर्समध्ये टाकला. तिने बघितलं. चेहरा जराही न बदलता तिने नवा कागद लावला आणि सुरू झाली. बराच वेळ काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. मग कागदात बुडालेल्या माणसाच्या आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "मॅडम, तुमची हे बाजू मले जमूनच नाई राह्यली."

म्हणाली आणि तिने पेन्सिल खाली ठेवली. कानापर्यंत लाल झाली. सॉरी म्हणून तेच वाक्य पुन्हा पुस्तकातल्या मराठीत म्हणायला लागली. मी तिला हाताने थांबवलं. आणि मग कितीतरी दिवसांत मी परक्या माणसाशी पहिलं लांब वाक्य बोलले. ओठाचा डावा कोपरा बोटाने धरून ठेवला की 'प' थोडा उमटतो, हे तोवर मला सापडलं होतं. तसा तो धरून मी म्हणाले, "तुझ्या मनातलं तसंच बोल. मला तर सध्या प सुद्धा नीट म्हणता येत नाही."

ती आधी माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग हसली. तिची गोष्ट तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितली, माझा जबडा काढता काढता. ऑफिसात पहिल्या आठवड्यात ती फोनवर एका ग्राहकाला 'काऊन जी' म्हणाली होती, म्हणजे आपलं 'का हो'. शेजारच्या मुलांनी ते उचललं. मग ती जेवायला गेली की 'काऊन जी', लिफ्टमध्ये 'काऊन जी'. टीम लीडरने बाजूला घेऊन सांगितलं की तू फोनपेक्षा चॅटवर काम कर, तुला सोपं जाईल. तेव्हापासून ती टाइप करायची. दिवसभरात तोंडातून बाहेर पडणारे शब्द चहा सांगण्यापुरते. खोलीवरच्या मुलींशीही जपून, प्रत्येक वाक्य आत एकदा धुऊन मगच बाहेर. आईशी फोनवर बोलायला गच्चीवर जायची, कुणी ऐकू नये म्हणून. तिला कुणी आजारी म्हणालं नव्हतं. पण माझे पाच वर्ण गेले होते, आणि तिची अख्खी बोली.

मृणाल एक गोष्ट सारखी सांगायची. आपल्याला माहीत असलेला डोळा काढू नका, समोर असलेला काढा. माहीत असलेला डोळा बदामासारखा असतो, त्याला सारख्या पापण्या असतात. समोरचा तसा कधीच नसतो. तिने एकदा सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि समोरच्याच्या चेहऱ्याची आधी एक बाजू झाकून, मग दुसरी झाकून बघायला लावलं. हॉलभर कुजबुज सुरू झाली. काकांचा एक डोळा थट्टेखोर होता आणि दुसरा दमलेला. प्रणिताची एक बाजू भित्री, एक हट्टी. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू जुळत नव्हत्या. माझ्यापाशी आल्यावर मृणाल एवढंच म्हणाली की तुमच्यात फरक जरा ठळक आहे, काढायला सोपं. इतक्या जणांनी मला इतका धीर दिला होता, पण 'सोपं' हा शब्द कुणाला सुचला नव्हता.

मग तो रविवार आला ज्याची मला धास्ती होती. टेबलावर हातात धरायचे आरसे मांडलेले होते. आज ज्याने त्याने स्वतःला काढायचं. मी पर्स उचलली आणि मृणालला सांगितलं की घरी काम आहे. तिने अडवलं नाही. म्हणाली, आरसा नको असेल तर राहू द्या, डोळे मिटा आणि हाताने बघा. एका हाताने चेहरा चाचपायचा, दुसऱ्याने काढायचं.

डावा डोळा अजून पुरता मिटत नव्हता, तो मी रुमालाने झाकला. बोटं कपाळावरून निघाली. भुवईचं हाड, डोळ्याची खोबण, गालाचा उंचवटा. मग ती ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी आली आणि थांबली. मला वाटलं होतं तिथे काहीतरी वेगळं लागेल, मेलेलं, थंड. पण तो गाल उजव्या गालाइतकाच कोमट होता. तितकाच मऊ. हिवाळ्यात माझी कातडी फुटते, ती दोन्हीकडे सारखीच फुटली होती. इतके दिवस मी त्या बाजूला नुसतं धुतलं होतं, पुसलं होतं, लपवलं होतं. हात लावून बघितलं नव्हतं. बोटांना काहीच तक्रार नव्हती. मी रुमालात थोडी रडले. मग नाक पुसून आरसा घेतला.

आरशातल्या बाईला काढायला मला सबंध सकाळ लागली. डाव्या डोळ्याची खालची कड किती उतरते, ते पेन्सिल आडवी धरून मोजलं. ओठांची रेघ कुठून वळते ते बघितलं. एकदा रेघ चुकली, खोडली. पुन्हा चुकली, पुन्हा खोडली. मधेच कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मी वैतागले आहे ती रेघेवर, चेहऱ्यावर नाही. चेहरा तिथे होता, शांतपणे, मला जमेपर्यंत थांबायला तयार. दुसऱ्या दिवसापासून मी आरशासमोर व्यायाम करू लागले. शीळ काही येईना, नुसती हवा जायची. पण त्या हवेत उभं राहायची लाज गेली.

कार्यशाळेच्या शेवटी चित्रं लावायची ठरली. हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कागद अडकवले. घरची माणसं आली, जिन्यातून वाचनालयाचे सभासदही डोकावले. माघाची सकाळ होती, गारवा ओसरायला लागला होता, कुणाच्या तरी अंगावरच्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मृणालने आयत्या वेळी सांगितलं की ज्याचं चित्र आहे त्याने चित्राशेजारी उभं राहायचं, आणि ज्याने काढलं त्याने त्याबद्दल दोन शब्द बोलायचे. म्हणजे मला माझ्या चेहऱ्यासकट लोकांपुढे उभं राहायचं होतं आणि प्रणिताला बोलायचं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोघींपैकी एकीने नाही म्हटलं असतं तर दुसरी सुटली असती. तिच्या ऑफिसातल्या दोन मुली मागच्या रांगेत बसल्या होत्या. श्रीकांत पहिल्या रांगेत होता, माझा मास्क खिशात घेऊन, लागलाच तर असावा म्हणून.

मी जाऊन उभी राहिले. खिडकीकडे डावी बाजू केली, कारण प्रणिताने चित्र तिकडूनच काढलं होतं.

ती आली. आधी तिने पुस्तकातलं एक वाक्य सुरू केलं. 'हे चित्र काढताना मला,' इथवर आली आणि थांबली. हॉल शांत होता. पुण्यातली शांतता कशी असते, समोरचा काय चुकतो ते बघणारी, ते तिला माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही, नुसती उभी होते. मग ती बोलली, आणि जशी गच्चीवर आईशी बोलत असेल तशी बोलली.

"मॅडमच्या तोंडाची एक बाजू बोलून राह्यली अन् एक बाजू ऐकून राह्यली. पयले मले वाटलं, ऐकनारी बाजू काढू नाई, त्याईले वाईट वाटन. पन मंग पाह्यलं, तर मले तेच बाजू जास्त आवडली. मी इथं आली तवापासून माह्यं कोनी इतकं ऐकलं नव्हतं."

मग दामले काकांनी टाळी वाजवली. एकट्यानेच, कुणाची वाट न बघता. मग सगळ्यांनी. मागच्या रांगेतल्या त्या दोन मुलींपैकी एक डोळे पुसत होती. नंतर कळलं, ती मूळची वाशिमकडची होती आणि तीही वाक्यं धुऊनच बाहेर काढायची. आता प्रणिता ऑफिसात नव्या मुलांना फोनवर कसं बोलायचं ते शिकवते. मला अधूनमधून फोन करते आणि सुरुवातच अशी करते: मॅडम, काय करून राह्यल्या? मी तिला माझ्या पेठी मराठीत उत्तर देते. दोघींनाही एकमेकींची भाषा येते, पण आम्ही अदलाबदल करत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर श्रीकांतने शाळेला फोन लावला, माझी रजा वाढवायला. मी त्याच्या हातातून फोन घेतला. मुख्याध्यापिका बाईंना माझा आवाज ओळखायला जरा वेळ लागला. मी सांगितलं की सोमवारपासून उजळणीचे तास मीच घेईन आणि निवेदनही मीच करीन. त्या म्हणाल्या, अहो, पण मुलींना समजेल का नीट. प्रश्न रास्त होता, मायेतून आलेला होता. मी म्हटलं, नाही समजलं तर विचारतील. दहावीत आहेत.

वर्गात गेले तेव्हा मुली आधी चूप बसल्या, मग फारच शहाण्यासारख्या वागू लागल्या. ते मला सोसेना. मी फळ्यावर चेहऱ्याचा एक मोठा गोल काढला, त्यात डोळे, नाक, ओठ, आणि डाव्या बाजूने जाणारी ती नस काढली. काय झालं, कसं झालं, अजून काय व्हायचंय, सगळं सांगितलं. 'प' नीट उमटत नव्हता तिथे ओठ बोटाने धरला. दुखतं का, असं पहिल्या बाकावरच्या एकीने विचारलं. नाही, मी म्हटलं, फक्त सूप पिताना फजिती होते. वर्ग हसला, मीही हसले, आणि मग आम्ही समास सोडवले.

निरोप समारंभात प्रत्येक मुलीसाठी एक वाक्य होतं. नेहमीपेक्षा सावकाश बोलावं लागलं. पण सावकाश बोलल्यामुळे असेल, त्या दिवशी प्रत्येक मुलगी आपलं नाव माझ्या तोंडून पुरतं उमटेस्तोवर श्वास धरून उभी होती. यंदाच्या मुलींची वाक्यं मी आत्तापासून जमवते आहे. ओठ आता बहुतेक जागेवर आहेत. दिवस सरताना, दमले की डावा कोपरा किंचित मागे राहतो. राहू दे.

त्या समारंभानंतर मैदानावर गटाचा फोटो होता. मुली बाकांवर चढून रांगांत उभ्या राहिल्या, कुणाचा गजरा सुटत होता, कुणाच्या साडीच्या निऱ्या कुणी धरल्या होत्या. मधल्या खुर्च्यांवर आम्ही शिक्षक. फोटोग्राफर नवखा तरुण होता. त्याने एकदा कॅमेऱ्यातून बघितलं, डोकं वर काढलं, पुन्हा बघितलं, आणि मग अगदी अदबीने मला म्हणाला, मॅडम, थोडं हसाल का?

मागच्या रांगांतल्या मुली एकदम पुढे वाकल्या. शेजारच्या खुर्चीवर मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हसतेच आहे," मी म्हटलं. "काढा."